भटकंती : सिंगापूरचा महल्ला



या वेळी आपण सिंगापूरला जाऊ या. हे शहर विषुववृत्ताच्या अगदी जवळ, जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे. त्यामुळे तिथं हिवाळा नाहीच. बारा महिने उकाडा आणि कधीही कोसळणारा पाऊस. मुलांनो, एक गंमत सांगते. आपल्याकडे इस्राएलात हिवाळ्यात सूर्य पाचच्या आत मावळतो, तर उन्हाळ्यात पावणेआठपर्यंत उजेड असतो. सिंगापूरला सूर्यास्त वर्षभर सातच्या आसपासच. शब्बाथचे दिवे लावायची वेळ जवळजवळ बदलतच नाही!

शहराच्या मध्यभागी बुगिस स्टेशनवर उतरून थोडं चाललं की वॉटर्लू स्ट्रीट लागतो. त्याचा एक भाग फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे आपला मिद्रखोवच म्हणा ना, यरुशलेमच्या बेन येहुदासारखा. गाड्या नाहीत, हॉर्न नाही. पण माणसांची गर्दी काय विचारता! फुलवाल्या बायका कमळाच्या कळ्या विकतात, कोणी हात बघून भविष्य सांगतो, म्हातारी माणसं सावलीत बसून येणारेजाणारे बघत असतात. आमच्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांनी तिथं सकाळीच जावं. ऊन चढलं की चालवत नाही.

इथं क्वान इम देवीचं चिनी देऊळ आहे, १८८४ सालचं. भाविक बांबूच्या नळीतल्या काड्या खुळखुळवतात आणि जी काडी खाली पडेल तिच्या आकड्यावरून आपलं उत्तर शोधतात. तिथून चार पावलांवर श्रीकृष्णाचं देऊळ. त्याची सुरुवात १८७० साली वडाच्या झाडाखाली झाली. चिनी बायका एका देवळातून निघतात आणि कृष्णाच्या दाराशीही उदबत्ती लावून हात जोडतात. कोणी कोणाला अडवत नाही. ही काही आपली रीत नव्हे, पण शेजाऱ्याच्या देवाचा मान राखणं हे कोकणातल्या आपल्या गावांनी आपल्याला शिकवलंच होतं, नाही का?

आता मिडल रोड ओलांडून त्याच रस्त्यानं सरळ पुढे चला. पाच-सात मिनिटांत पांढऱ्या कमानींची एक इमारत दिसते. ही मागेन आवोत मशीद! (मुलांनो, आम्ही जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायचो.) मागेन आवोत म्हणजे पूर्वजांची ढाल. शब्बाथच्या रात्री नमाजात हे शब्द येतात, ते आठवा. १८७८ साली उघडलेली ही मशीद आग्नेय आशियातली सर्वांत जुनी. आत जायचं तर आधी कळवावं आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. शेजारीच जेकब बॅलास सेंटर आहे. ते २००७ साली उघडलं.

ही मशीद बगदादी यहुद्यांनी बांधली. त्यांतले कितीतरी लोक कलकत्ता-मुंबईमार्गे तिथं पोचले होते. मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांत ते राहायचे आणि त्या वस्तीला महल्ला म्हणायचे. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला मोहल्ला तो हाच, अरबीतून आलेला. सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल (१९५५) हे याच बगदादी समाजातले.

मग १९४२ साली जपानी फौजा आल्या. पुढे पुष्कळ यहुद्यांना छावण्यांत डांबलं. युद्धानंतर कितीतरी कुटुंबं ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका, इस्राएलकडे निघून गेली. महल्ला रिकामा झाला. आज मिडल रोडवरच्या १९२८ सालच्या डेव्हिड इलायस बिल्डिंगवर मागेन दाविद अजून दिसतो, पण खालून जाणाऱ्या किती जणांना तो कळत असेल? शहरात दुसरीकडे सिनेगॉग स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. पहिली मशीद तिथं होती. आता मशीद नाही, नुसती पाटी उरली आहे.

वॉटर्लू स्ट्रीटवर मात्र नुसती पाटी नाही, कारण तिथं आजही शब्बाथला माणसं येतात. दगड-विटा सरकार जपू शकतं, पण मिन्यानला दहा माणसं सरकार कुठून आणणार? मुंबईत मांडवीची आपली शार हारहामीम १७९६ साली स्थापन झाली. तिच्या भोवतालच्या गल्ल्यांत कोण राहत होतं, सणाला कोणाच्या घरून कोणाकडे ताट जायचं, हे आज किती जण सांगू शकतील?

तेव्हा बालमित्रांनो, या शब्बाथला एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, तुमचा मोहल्ला कोणता? शेजारी कोण होते? मशिदीला चालत जायला किती वेळ लागायचा? हिब्रूत लिहा, मराठीत लिहा, पण वहीत उतरवून ठेवा. आणि आजी-आजोबांनो, नातवंडं विचारतील तेव्हा "जाऊ दे रे, जुन्या गोष्टी" असं म्हणू नका. सांगा!

पुढच्या अंकात भेटूच. सर्वांना शालोम.