आधी पाटी, मग पुतळा

कोल्हापूरला पुतळ्यांचं शहर म्हणतात. या शहरानं पुतळे मिरवायला उभारले नाहीत. वाद घालून, वर्गणी काढून, प्रसंगी सरकारशी भांडून उभारले. म्हणूनच आता दर सहा महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या चौकासाठी नव्या पुतळ्याची मागणी पुढे येते, तेव्हा ती नीट तपासायला हवी. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. पुढची काही वर्षं नवा पुतळा नको. जे उभे आहेत त्यांची आणि ज्या जागांवर इतिहास घडला त्या जागांची ओळख शहराला करून द्या. त्याची कारणं अशी.

१. अर्धं स्मारक जागाच असते.

दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. तो दुसऱ्या एखाद्या उद्यानात नेला तर त्याचा निम्मा अर्थ निघून जाईल, कारण त्याच चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे. १९०१ पासून महाराजांनी एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं, तरच तो शाळेत टिकणार, हे त्यांनी ओळखलं होतं. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. या जागांवर बसायला शिकलेली माणसं कुठून येणार होती, याचं उत्तर त्या बोर्डिंगांत आहे. पुतळा आणि इमारत एका नजरेत दिसतात, तरी दोघांचं नातं सांगणारा ठळक मजकूर बाहेरगावच्या पाहुण्याला तिथं उभ्या उभ्या वाचता यायला हवा. पाहुण्याचं सोडा, चौकातून रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलांना विचारून बघा.

२. सगळ्यात मोठी गोष्ट एका चहाच्या दुकानात घडली.

गंगाराम कांबळे महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना इतर नोकरांनी बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं, पण त्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली आणि भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचं 'सत्यसुधारक हॉटेल' सुरू झालं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज भररस्त्यात गाडी थांबवायचे, गंगारामांकडून चहा मागवून घ्यायचे, स्वतः प्यायचे आणि सोबतच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. राजानं प्यायलेला चहा नाकारायचा कसा?

या प्रसंगात जी ताकद आहे ती मला कुठल्याही अश्वारूढ पुतळ्यात दिसत नाही. इथं तलवार नाही, जयघोष नाही. एक छत्रपती आणि एक दुकानदार, आणि मध्ये कपबशी. शिवाशिव मोडायची तर ती रोजच्या खाण्यापिण्यात मोडली पाहिजे, हे सांगायला यापेक्षा सोपा प्रसंग इतिहासात शोधून सापडायचा नाही. तिसरी-चौथीतल्या मुलालाही तो एका दमात कळतो. आणि याच गंगारामांनी महाराजांच्या निधनानंतर पुढाकार घेऊन, आपल्या समाजबांधवांच्या साथीनं, नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभारलं. ज्यांना राजानं माणूस म्हणून वागवलं, त्यांनी त्याची आठवण सरकारी तिजोरीची वाट न पाहता जपली. शाहूंच्या स्मारकांची गोष्ट तिथून सुरू होते.

भाऊसिंगजी रोडवर आज रहदारीला उसंत नाही. पुतळ्याला जागा नाही आणि पुतळा नकोही. डोळ्यांच्या उंचीला लावलेली दगडी पाटी, तिच्यावर आठ-दहा ओळी, आणि शक्य झालं तर शेजारी गाडीवरून चहाचा कप घेणाऱ्या हाताचं छोटं उठावशिल्प, एवढं पुरेसं आहे. चार फूट भिंत मिळाली तरी काम होईल.

३. घडवणाऱ्या हातांचं नाव पुतळ्यावर हवं.

पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा शाहू महाराजांच्या ध्यासातून आला. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली, १९२२ मध्ये महाराज गेले, त्यांचे पुत्र राजाराम महाराजांनी काम तडीस नेलं आणि १९२८ मध्ये पुतळ्याचं अनावरण झालं. तो घडवला सासवण्याच्या विनायकराव ऊर्फ नानासाहेब करमरकरांनी. साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा त्यांनी माझगाव गोदीत एकसंध ओतून घेतला. एवढ्या आकाराचं ओतकाम तुकड्यांत करून जोडणं हा नेहमीचा मार्ग होता. एकाच ओतात एक चूक झाली असती तर सगळी मेहनत वितळलेल्या धातूसकट वाया गेली असती. करमरकरांनी ती जोखीम पत्करली. अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरी त्यांची शिल्पं आजही पाहायला मिळतात, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर जावं.

कोल्हापुरातलं उदाहरण द्यायचं तर कावळा नाक्यावरच्या महाराणी ताराराणींच्या पुतळ्याकडे मान वर करून बघणारे शेकडो आहेत, तो रवींद्र मेस्त्रींनी केला हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत. आपण कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव मोठ्या अक्षरांत कोरतो, उपस्थित मान्यवरांची यादी देतो. मूर्तिकार, ओतारी, साचेकार यांना त्यात ओळ मिळत नाही. हा क्रम उलटा करा. ज्या शहरात कलानिकेतन आणि दळवीज आर्टसारख्या संस्थांतून मुलं शिल्पकला शिकून बाहेर पडतात, त्या शहरात तर हे व्हायलाच पाहिजे.

४. पुतळ्यामागचा झगडाही लिहा.

आज जिथं शिवछत्रपतींचा अर्धपुतळा आहे, त्या शिवाजी चौकात एकेकाळी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. बेचाळीसच्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि त्यांच्या सहकारी महिलेनं तो विद्रूप केला. पुढे तो फोडला गेला, आणि १९४५ मध्ये तिथं शिवछत्रपती आले. त्यामागे भालजी पेंढारकर, बाबूराव पेंटर अशी मंडळी होती. इंग्रजांचं राज्य अजून संपलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. भागीरथीबाईंचं नाव त्या चौकात शिवछत्रपतींच्या पुतळ्याखाली ठळक अक्षरांत असावं. आपल्याकडे बायकांचे पुतळे थोडे, आणि जे आहेत ते बहुतेक राण्यांचे. पेठेतल्या साध्या घरातली बाई सरकारच्या डोळ्यांदेखत गव्हर्नरच्या पुतळ्यावर हात टाकते, तिचा उल्लेख एका ओळीत तरी नको का?

बिंदू चौकाचंही तसंच. ९ डिसेंबर १९५० रोजी तिथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसवले गेले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते. शिल्पकार बाळ चव्हाण. या तारखेचं मोल कळायचं तर पंचवीस वर्षं मागं जाऊन पुण्याकडे पाहावं लागतं. तिथं केशवराव जेध्यांनी १९२५ मध्ये नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याची मागणी केली, तर तिला कडाडून विरोध झाला. कोल्हापूरनं फुले आणि आंबेडकर यांना शेजारी शेजारी उभं केलं. हे वाक्य बिंदू चौकात लिहिलेलं असावं, आणि पुण्याचा विरोधही त्यात लपवू नये.

५. उंचीची स्पर्धा थांबवा.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. त्या दिवशी मराठी माणसाला जे वाटलं ते सांगायची गरज नाही. आपली मान्यता सहा फुटांच्या मातीच्या नमुन्याला होती, असं कला संचालनालयानं नंतर सांगितलं. तांत्रिक समितीच्या चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग अशी कारणं पुढे आली. खारा वारा लोखंडाला सोडत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही नाखव्यानं सांगितलं असतं. घाई, उंचीची हौस आणि कार्यक्रमाची ठरलेली तारीख एकत्र आली की तज्ज्ञांचं मत मागं पडतं. बिंदू चौकातले अर्धपुतळे माणसाच्या मापाचे आहेत आणि पाऊण शतकानंतरही जागेवर आहेत.

६. रंगाचा डबा लांब ठेवा.

जयंतीच्या आदल्या दिवशी शिडी लागते, पाण्याचा पाइप येतो आणि मग कुणीतरी सोनेरी ऑइल पेंटचा डबा उघडतो. भावना शंभर टक्के खरी असते, आणि नुकसानही तेवढंच खरं. ब्राँझवर काळाच्या ओघात जो तपकिरी-हिरवट थर चढतो, तो खालच्या धातूला जपतो. त्यावर दरवर्षी रंगाचा एकेक हात चढला की शिल्पकारानं पापणीच्या कडेला, बोटांच्या पेरांवर, फेट्याच्या चुण्यांत ठेवलेलं बारीक काम बुजत जातं. दहा-बारा वर्षांनी चेहरा ओळखू येतो, पण भाव गेलेला असतो. अभिषेकाच्या दुधातल्या आंबटपणाचा आणि हारांच्या ओल्या तारांचाही धातूला त्रासच. स्वच्छ पाण्यानं धुणं, मऊ फडक्यानं पुसणं आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून मेणाचा पातळ हात देणं, एवढ्यात पुतळा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. हे तालीम मंडळांना विश्वासात घेऊन समजावलं तर ती मनापासून करतील. गणपतीत रात्र रात्र जागून देखावे उभारणारी पोरं आहेत ती.

७. वस्तूचंही स्मारक होतं.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्याची ती खूण. यंत्राकडे पाहून माणूस आठवतो, हे कोल्हापूरनं करून दाखवलेलं आहे. राधानगरी धरण, खासबाग मैदान, चप्पल शिवणारी गल्ली यांच्या स्मारकांचा विचार या अंगानं करता येईल.

८. लोक म्हणतील, पाटीला हार कसा घालायचा?

ही शंका रास्त आहे. ज्यांना शतकानुशतकं गावात जागा नव्हती, त्यांच्यासाठी चौकातला बाबासाहेबांचा पुतळा म्हणजे आपण इथले आहोत याचा पुरावा आहे. त्याऐवजी पाटीवर भागवा असं त्यांना कुणी सांगू नये, आणि मीही सांगत नाही. जिथं आजवर कुणाचीच आठवण नाही अशा गावात, वस्तीत पुतळ्याची मागणी आली तर ती आधी ऐका. माझा आक्षेप आहे तो एकाच शहरात एकाच महापुरुषाचे पुतळे वाढवत नेण्याला आणि त्याच वेळी त्यांच्या कामाच्या जागा विसरण्याला.

९. महापालिकेनं काय करावं.

शहरातल्या प्रत्येक पुतळ्याची नोंदवही करावी: शिल्पकार, साल, धातू, खर्च कुणी केला, शेवटची दुरुस्ती कधी झाली. ही नोंद प्रभाग कार्यालयात कुणालाही पाहता यावी. अंदाजपत्रकात नव्या पुतळ्यांच्या तरतुदीतून देखभालीसाठी वेगळं लेखाशीर्ष काढावं आणि ते दुसरीकडे वळवू नये. पाट्यांचा मजकूर इतिहासाचे प्राध्यापक, जुन्या पेठांतली जाणती माणसं आणि शाळांचे शिक्षक यांनी मिळून लिहावा, उद्घाटकाच्या नावाशिवाय. सुरुवात तीन जागांपासून होऊ शकते: भाऊसिंगजी रोड, शिवाजी चौक, बिंदू चौक. या तीन पाट्यांना एका पुतळ्याच्या चौथऱ्याइतकाही खर्च येणार नाही. २६ जूनला शाहू जयंती असते. त्या दिवशी सकाळी पहिली पाटी भाऊसिंगजी रोडवर लागावी, अशी मागणी मी या लेखातून महापालिकेकडे करत आहे.