मोजणी कोणीं करून घ्यावी?

घर बांधावयाचें ठरलें म्हणजे सर्वांचें लक्ष स्वयंपाकघर कोणत्या अंगास येतें, देवघर कोठें राहतें, वडील माणसांस जिना चढावा लागेल कीं काय, इकडेच असतें. जागा पणजोबांपासून आपली. ती मोजावयाची काय, अशी बहुतेकांची समजूत! आमच्या एका स्नेह्यांनीं परवां आम्हांस विचारलें, “अर्ज वास्तुशिल्पज्ञ करणार, नकाशे नगरपालिका तपासणार, मग मोजणीची जबाबदारी आमच्यावर कशी?” प्रश्न साधा आहे, पण त्यापायीं तीन भावांचें घर अडलें आहे.

त्यांची जागा सात-बाऱ्यावर दहा गुंठे. गुंठा म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद. तेव्हां एकंदर 10,890 चौरस फूट. या आंकड्यावर नकाशा काढविला, खोल्याही वांटून झाल्या. पुढें अर्जासोबत मोजणीचा नकाशा लागतो म्हणून भूकरमापक आले, तों पूर्वेचें कुंपण खऱ्या हद्दीच्या चार फूट आंत निघालें. ती बाजू 110 फूट; म्हणजे 440 चौरस फूट जागा शेजाऱ्यांच्या वहिवाटींत!

बृहन्मुंबई व कांहीं मोजके प्रदेश वगळतां राज्यांत 2020 ची एकत्रिकृत नियमावली लागू आहे. तींतील नमुन्यांत क्षेत्राचे तीन आंकडे द्यावे लागतात: मालकीच्या कागदावरील, मोजणीच्या नकाशावरील व प्रत्यक्ष जागेवरील. त्यांत जो सर्वांत लहान, तोच हिशेबांत धरतात. शिवाय भोंवतीं सोडावयाचें अंतर हद्दीपासून मोजलें जातें. धाकट्या भावाची खोली त्यांतच गेली.

आतां जबाबदारीविषयीं. वास्तुशिल्पज्ञ आपण दाखवूं ती हद्द कागदावर घेतो. नगरपालिका नकाशा नियमांशीं ताडून पाहते. हद्दीचा वाद ती मिटवीत नाहीं. जी जमीन तुमची नाहीं तीवर बांधण्याचा अधिकार या परवानगीनें मिळत नाहीं, असें परवानगीच्या कागदांतच लिहिलेलें असतें (हा कागद सबंध वाचणारा गृहस्थ आमच्या पाहण्यांत क्वचितच आला आहे). सात-बारा क्षेत्र सांगतो, कुंपण कोठें असावें तें सांगत नाहीं. हद्दीच्या निशाण्या राखण्याचें काम तर 1966 च्या जमीन महसूल अधिनियमानें धारकावरच टाकलें आहे. मग उरतें कोण?

म्हणून नकाशा काढविण्यापूर्वींच मोजणीचा अर्ज द्यावा, आणि तो सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीनें. लगतच्या धारकांस नोटीस जाते, त्यामुळें कोणीं चोरून केलें असा बोल राहत नाहीं. मोजणीच्या दिवशीं जागेची माहिती असलेलें माणूस हजर असावें. खुणा डोळ्यांदेखत पक्क्या करून घ्याव्या. आणि क-प्रत मिळाली कीं ती एकाच भावाच्या कपाटांत न ठेवतां प्रत्येकास तिची नक्कल द्यावी.

माहितीचें माणूस म्हटलें, तें उगीच नव्हे. आमच्या स्नेह्यांच्या घरांत वृद्ध आत्याबाई आहेत. शेजाऱ्यांकडील मुंजीच्या मांडवासाठीं कुंपण आंत घेतलें होतें आणि तें परत गेलेंच नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. पण त्यांस कोणीं विचारलेंच नाहीं. परवानगीनें दिलेला वापर व बळकावलेला ताबा यांत कायदा भेद करतो. तो भेद सांगावयास आज त्यांच्यावांचून दुसरा साक्षीदार नाहीं. येत्या रविवारीं थोरले बंधू त्यांना बरोबर घेऊन शेजाऱ्यांकडे जाणार आहेत.