आग मुरब्यात, बंब वाळवंटात

झाड लावणाऱ्याला आपल्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही. कुदळ मारणारा मंत्री, रोपाला पाणी घालणारा उद्योगपती, दोघांचा फोटो छापणारा संपादक, सगळेच पुण्यवान. मी पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावचा. आमच्या किनाऱ्यावर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तुटतात आणि पुण्य भलतीकडेच उगवतं, म्हणून मी विचारणार.

वाळवंट हिरवं केलं की पृथ्वी थंड होईल, हे सध्याचं लाडकं स्वप्न. इस्रायलमध्ये नेगेव वाळवंटाच्या काठावर यातिर नावाचं पाइनचं जंगल १९६०च्या दशकात लावलं गेलं. शास्त्रज्ञांनी तिथं वर्षानुवर्षं मोजमाप केलं. उघडी, फिकट जमीन बरंचसं ऊन आकाशात परत फेकते. गडद पानं तेच ऊन पिऊन बसतात. झाडाखाली बसलेल्याला गारवा मिळतो, पृथ्वीच्या खात्यावर मात्र जादा उष्णता चढते. झाडं कार्बन शोषतात हे खरं, पण हे उष्णतेचं कर्ज फिटेपर्यंत काही दशकं निघून जातात.

२०२२ साली ‘सायन्स’मध्ये जगभरच्या कोरड्या प्रदेशांचा हिशेब आला. झाडं लावण्याजोगी जमीन सुमारे ४४.८ कोटी हेक्टर, म्हणजे भारताच्या सव्वापटीहून जास्त. ती सगळी लावली, तरी या शतकाअखेरपर्यंतच्या अपेक्षित उत्सर्जनापैकी भरून निघणार जेमतेम एक टक्का. उरलेले नव्याण्णव टक्के थांबवायचे तर धुराडी बंद करावी लागतात, आणि बंद धुराड्याची फीत कापायला कुणी येत नाही.

आमच्या शेजारचं तारापूर घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुण मिळवून हे औद्योगिक क्षेत्र देशात पहिलं आलं. सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं. इथं रोग अंगावर आहे आणि औषध म्हणे वाळवंटात लावायचं!

आता तिवरांचं ऐका. खारफुटीचा बहुतेक कार्बन खोडापानांत नसतो, तो खालच्या चिखलात असतो. त्या चिखलात प्राणवायू जवळपास नाही, म्हणून पालापाचोळा कुजायला फार वेळ लागतो आणि कार्बन शतकानुशतकं पुरलेला राहतो. चिखल उपसला की तो कार्बन हवेत. बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे, पालघरमधली सुमारे २२ हजार खारफुटीची झाडं तोडायला उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२मध्ये परवानगी दिली. बदल्यात पाचपट लावण्याची हमी. आजा मेला, पाच नातू झाले, घर भरभराटीला आलं! पण आज्यानं पुरून ठेवलेलं धन या नातवांकडे कुठून येणार? निवटे आणि चिंबोऱ्या सरकारी रोपवाटिकेत वाढत नाहीत.

वाढवण बंदरासाठी तर १,४४८ हेक्टर समुद्रच बुजवायचा आहे. समुद्राच्या बदल्यात कोणतं रोप लावतात, ते एकदा सांगाच. मुरब्याच्या प्रस्तावित बंदराच्या वेळीही हा प्रश्न टळणार नाही.

आणि लावलेल्याचं तरी काय होतं? महाराष्ट्रानं २०१७ ते २०१९मध्ये ५० कोटी झाडांचा डंका पिटला. पुढे त्याच्या चौकशीला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. सोलापूरचं नान्नज हे माळढोक पक्ष्याचं माळरान. तिथंही ग्लिरिसिडियाची झाडं लावून झाली. गवत म्हणजे रिकामी जागा, ही समजूत वाळवंटापासून माळापर्यंत एकच आहे. केंद्राच्या हरित पत (ग्रीन क्रेडिट) योजनेनं २०२४च्या अधिसूचनेत हेक्टरी किमान ११०० झाडांचा आकडा ठरवला, म्हणजे माळरानानंही जंगलाचं सोंग घ्यायचं.

मी झाडांचा वैरी नाही. जिथं जंगल होतं आणि तुटलं, तिथं जरूर लावा. जव्हार-मोखाड्याचे उघडे डोंगर वाट पाहताहेत. पण भरपाई म्हणून लावायचं असेल, तर ज्या खाडीचं तोडलं त्याच खाडीत, त्याच जातीचं लावा. आधी लावा, दहा वर्षं जगवून दाखवा, जगलेली मोजा, मग तोडायची परवानगी मागा. ही अट परवडत नाही म्हणणाऱ्यांनी निदान एवढं कबूल करावं, की त्यांना झाड नको होतं, पावती हवी होती.