ब्रेकच्या ड्रममधली धूळ

मागच्या चाकाचा ड्रम उघडला की गॅरेजमधलं पहिलं काम ठरलेलं असतं. कॉम्प्रेसरचा पाइप ओढायचा आणि हवा मारायची. काळसर धुळीचा लोट उठतो, पोरगा मान फिरवतो, अर्ध्या मिनिटात ब्रेक शू साफ. त्या धुळीत काय असू शकतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

गेल्या महिन्यात एक मेस्त्री दम लागतो म्हणून ओपीडीत आले. वय ५८. केसपेपरवर आधीच्या डॉक्टरांनी 'बिडी ओढतात' एवढंच लिहिलेलं. खरंच ओढत होते. पण सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाच्या आवरणावर चुन्यासारखे पट्टे दिसले. ते बिडीने होत नाहीत. काम विचारलं, तर पंधराव्या वर्षापासून ट्रकचे लायनर बदलणं आणि नवे लायनर बसण्यासाठी घासणं. आम्ही डॉक्टर बिडीपाशीच थांबतो, धंदा विचारत नाही, ही आमची जुनी खोड.

अ‍ॅस्बेस्टॉस उष्णता सोसतं, घर्षणाला टिकतं आणि स्वस्त असतं, म्हणून ते ब्रेक लायनरमध्ये आलं. ब्रेक तापतो तेव्हा त्यातले बरेचसे तंतू बदलून जातात, हे मान्य. ब्रेकच्या धुळीने मेस्त्रींना कॅन्सर किती होतो, यावर तज्ज्ञांत वादही आहे. पण सगळे तंतू बदलत नाहीत, आणि नवं लायनर घासताना उडणारी धूळ तर तापलेलीच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सरकारक आहेत. आजार दिसायला बहुधा २० ते ४० वर्षं लागतात. त्यात बिडी-सिगारेट असेल, तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो.

ऑस्ट्रेलियाने २००३ अखेर अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, ब्रेक लायनरसकट. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात अजून चालूच आहे. त्याविना बनलेले लायनर बाजारात मिळत असताना हे मला पटत नाही. निदान ब्रेकमधून तरी ते हद्दपार व्हायला हवं. कारखाने कायद्यात अ‍ॅस्बेस्टॉसिस हा नोंद करण्याजोगा रोग होता, पण दोन-तीन पोरांचं गॅरेज कायद्याच्या लेखी कारखानाच नव्हे. तिथला आजार कोण नोंदवणार?

तोवर गॅरेजवाल्यांनी ड्रमला हवा मारणं बंद करावं. कोरड्या ब्रशने झटकूही नये. साबणाचं पाणी हलकेच शिंपडून ओल्या फडक्याने पुसावं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकावं. लायनर घासायचंच असेल, तर ओलं करून. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. कामाचे कपडे घरी नेऊन बायकोला झटकायला देऊ नयेत. गाडी घेऊन जाणाऱ्यांनीही दोन वाक्यं बोलावीत: अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलं लायनर टाका, आणि हवा मारू नका. पाच-दहा मिनिटं जास्त लागली तर लागू द्यावीत.

मेस्त्रींना विचारलं, आता गॅरेज कोण बघतं? "थोरला मुलगा. अन् दोन पोरं आहेत हाताखाली." तिघांनाही येत्या सोमवारी बोलावलं आहे.