बेताल चेंडूची बाजू

मॅडलिन लेंगल यांच्या ‘अ रिंकल इन टाइम’वर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. एक, यातले विज्ञान नावापुरते आहे. दोन, मेग या बहिणीच्या प्रेमाने तिचा भाऊ चार्ल्स वॉलेस सुटतो, म्हणजे लेखिकेने शेवटी उपदेशाची सोपी वाट धरली. दोन डझनांहून अधिक प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी १९६२ साली छापली गेली आणि १९६३चे न्यूबेरी पदक तिला मिळाले. पण पदक हे काही आक्षेपांचे उत्तर नव्हे. उत्तर कादंबरीतूनच द्यायला हवे.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, तेवढे आधीच मान्य करू. गणितात टेसरॅक्ट म्हणजे चार मितींमधला घन. लेंगल तो शब्द पाचव्या मितीसाठी, अवकाशाला घडी घालून पलीकडे पोहोचण्याच्या युक्तीसाठी वापरतात. गणिताच्या पेपरात याला गुण मिळणार नाहीत. पण ही युक्ती मुलांना समजते कशी, ते पाहा. मुलांना वाट दाखवणाऱ्या मिसेस हू आपल्या झग्याचा घोळ दोन हातांत ताणून धरतात. या हातापासून त्या हातापर्यंत चालायचे तर चिमुकल्या किड्याला केवढी मजल! मग त्या दोन्ही हात जवळ आणतात आणि किडा न चालताच पोहोचतो. एवढ्यावर लेखिका थांबत नाहीत. वडिलांना शोधायला निघालेली मेग आणि तिच्या सोबतची मंडळी वाटेत चुकून दोनच मिती असलेल्या ग्रहावर टेकतात, तेव्हा मेग पार चपटी होते, तिला श्वास घेता येत नाही. स्वतःच्या कल्पनेचे परिणाम जी कथा पात्रांना भोगायला लावते, तिचे विज्ञान नावापुरते कसे म्हणायचे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. पुस्तकात उपदेशाच्या जवळ जाणाऱ्या जागा आहेत. विश्वावर पसरणाऱ्या दुष्ट काळ्या सावलीशी झुंजणाऱ्यांची यादी येते, त्यात येशू, बुद्ध, गांधी, बाख, आइनस्टाइन अशी नावे आहेत; तिथे कथा थोडी थबकते. पण कादंबरीचा खरा विचार अशा यादीत नाही. तो तालात आहे.

कॅमाझॉट्झ ग्रहावर एकसारखी घरे आणि प्रत्येक घरापुढे एकेक मूल. सगळ्यांचे चेंडू एकाच क्षणी जमिनीवर आपटतात, दोरीवरच्या उड्याही त्याच ठेक्यात. एका मुलाचा चेंडू मात्र ताल चुकतो, हातून निसटतो आणि घाबरलेली आई त्याला ओढून घरात नेते. पुढे तो मुलगा पुन्हा दिसतो. आता त्याचा चेंडू बरोबर तालात आहे आणि दर टप्प्याला तो वेदनेने ओरडतो.

या तालाचा धनी इट, म्हणजे शरीराविना धडधडणारा एक मेंदू. त्याच्या ठोक्यात ओढली जाऊ नये म्हणून मेग मूलद्रव्यांची आवर्तसारणी म्हणू लागते. तिचे वडील ओरडतात: यातही ताल आहे, पाचाचे वर्गमूळ सांग! पाचाचे वर्गमूळ अपरिमेय. त्याचे दशांश अंक कितीही लांबवा, ठरावीक आवर्तनात कधीच बसत नाहीत. सक्तीच्या तालाला उत्तर म्हणून बेताल संख्या! विज्ञान, प्रतीक आणि कथानक एका प्रसंगात इतके एकजीव झालेले बालसाहित्यात क्वचितच सापडते. इथे एका शब्दाचाही उपदेश नाही.

आता शेवट. मेग चष्मेवाली, चिडकी, हट्टी, शाळेत भांडणे ओढवून घेणारी. वाट दाखवणाऱ्यांपैकीच मिसेस व्हॉट्सिट तिला भेट देतात ती तिच्या दोषांचीच, आणि ते दोष तिला खरोखर तगवतात. पण इटच्या ताब्यातल्या चार्ल्स वॉलेसला सोडवायला ती एकटी परतते, तेव्हा तोच राग तिला इटच्या तावडीत ढकलू लागतो, कारण द्वेष इटकडे भरपूर आहे. त्याच्याकडे नाही असे काय, हे तिला कोणी सांगत नाही. ते म्हणजे प्रेम, हे तिचे तिला शोधावे लागते. कालचे शस्त्र आज निकामी होणे, हा सोपा मार्ग म्हणायचा का?

शिवाय लेखिकेने या प्रेमाला मर्यादा घातली आहे. इटवरही प्रेम करता आले असते तर, असा विचार मेगच्या मनात येतो, आणि ते आपल्या कुवतीबाहेरचे आहे हे तिला कळते. ती फक्त भावावर प्रेम करू शकते. म्हणून फक्त भाऊ सुटतो. इट मरत नाही, ग्रह मुक्त होत नाही. प्रेमाने सारे जग जिंकता येते, असे जिला मुलांना पढवायचे असते, तिने त्या चेंडूवाल्या मुलालाही सोडवले असते. लेंगल यांनी त्याला तिथेच ठेवले. पुस्तक मिटल्यावर वाचणाऱ्या मुलाला तो आठवत राहतो, आणि त्याचे काय झाले, हा प्रश्न त्या मुलाकडेच उरतो.