मुदतीआधी सोडलेली खोली

परगावी शिकायला गेलेल्या मुलासाठी खोली घेणे हे काम आपल्याकडे एका दिवसात उरकले जाते. वडील सकाळच्या गाडीने उतरतात, दोन-तीन जागा पाहतात, अनामत रक्कम मोजतात, करारनाम्यावर सही करतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. त्या करारात काय लिहिले होते, याची पहिली आठवण होते ती खोली सोडायची वेळ आल्यावर!

उदाहरणादाखल सुरत घ्या. १९६१ साली स्थापन झालेले तिथले अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजची इच्छानाथची सरदार वल्लभभाई राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था, तसेच मजुरा गेटजवळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या ठिकाणी अखिल भारतीय जागांवर बाहेरच्या प्रांतांतली मुले येतात. समजा, निपाणीच्या एका मुलीला वैद्यकीय प्रवेशाच्या पहिल्या फेरीत सुरत मिळाले. वसतिगृहात जागा नाही, म्हणून जवळच पेइंग गेस्ट म्हणून राहण्याची सोय केली. महिना सहा हजार, अनामत बारा हजार, मुदत अकरा महिने. तीन आठवड्यांनी पुढच्या फेरीत तिला कोल्हापूर मिळाले. आता ती सामान बांधणार, हे उघड आहे. पण करारात कलम असते: मुदतीपूर्वी जागा सोडल्यास अनामत परत मिळणार नाही, कित्येकदा उरलेल्या महिन्यांचे भाडेही द्यावे लागेल. हा करार बहुधा गुजरातीत असतो. डोक्यावर रेघ नसलेली ती लिपी आपल्याला ओळखीची वाटते, पण वाचता येत नाही. सुरतेत मराठी माणसांना तोटा नाही; लिंबायत-उधन्याकडे खानदेशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. सही करण्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणाकडून तो कागद वाचून घेण्याचे मात्र शंभरातल्या एकालाही सुचत नाही.

या अकरा महिन्यांचे गौडबंगाल काय? विद्यापीठाच्या वर्षाशी त्यांचा काडीमात्र संबंध नाही. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो; ती खटपट टाळण्यासाठी अकराचा आकडा रूढ झाला. शिक्षण सत्रांत चालते आणि भाडे अकरा महिन्यांवर, त्यामुळे सुटीत कुलूप लावलेल्या खोलीचेही पैसे मुलगा भरतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२च्या करार कायद्यातील ७४वे कलम सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही फक्त तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फत्तेचंदच्या खटल्यात हे तत्त्व आधी भरलेली रक्कम जप्त करण्यालाही लागू केले, आणि २०१५ साली कैलासनाथ असोसिएट्सच्या खटल्यात नुकसानच झाले नसेल तर भरपाई कसली, असे स्पष्ट केले. त्याच कायद्याच्या ७३व्या कलमाचे स्पष्टीकरण आणखी महत्त्वाचे आहे. नुकसान टाळण्याचे कोणते उपाय मालकाच्या हाती होते, हेही मोजताना धरावे लागते. म्हणजे निपाणीच्या मुलीची खाट आठ दिवसांत दुसरीने घेतली, तर नुकसान आठ दिवसांचे. बारा हजार कशाचे?

इथे घरमालकाची बाजूही ऐकलीच पाहिजे. आपल्या विद्यार्थी-सभांतून ती कधीच ऐकली जात नाही. अडाजणमध्ये एखाद्या विधवा बाईचा घरखर्च वरच्या दोन खोल्यांवर चालतो. मुलगी ऑगस्टमध्ये गेली तर दुसरी मिळते, कारण प्रवेश अजून चालू असतात. पण नोव्हेंबरात मैत्रिणीशी भांडण झाले म्हणून कोणी चालती झाली, तर ती खाट पुढच्या वर्षाच्या प्रवेशापर्यंत रिकामी राहू शकते. तिथे बाईंनी दोन महिन्यांचे भाडे ठेवून घेतले तर मी तरी त्यांना दोष देणार नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, भरपाईचे प्रमाण कॅलेंडर पाहून ठरले पाहिजे. ऑगस्टला एक न्याय, नोव्हेंबरला दुसरा. ‘अनामत कोणत्याही परिस्थितीत परत नाही’ हे सरसकट वाक्य दोन्हींना एकाच मापाने मोजते, आणि तिथेच ते अन्यायाचे ठरते.

कोणाचाच दोष नसतो तेव्हा काय? सुरतेइतका याचा अनुभव क्वचितच दुसऱ्या शहराला असेल. सप्टेंबर १९९४मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेले. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली, वर्ग बंद झाले. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा अशा वेळी भाडेकरूला करार रद्द करण्याची मुभा देतो खरा, पण जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला तरच. चिखल धुऊन पंधरवड्यात वापरता येणारी खोली त्यात बसत नाही. करार कायद्यातील अशक्यतेचे ५६वे कलम भाडेपट्ट्याला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच ठरवले आहे. तेव्हा साथ, पूर, प्रवेशबदल यांविषयीचा शब्द करारातच लिहून घेतला पाहिजे. मागाहून केलेली याचना ही मालकाच्या मर्जीवर.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. राहणे-जेवण पुरवणे ही ग्राहक कायद्याच्या व्याख्येत सेवा आहे, आणि २०१९च्या नव्या कायद्याप्रमाणे ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. म्हणजे सुरतेच्या पेइंग गेस्टची तक्रार बेळगावात नोंदवता येते. बारा हजारांसाठी रात्रंदिवस प्रवास करण्याचे कारण नाही. निव्वळ रिकामी खोली भाड्याने घेतली असेल तर मात्र हा मार्ग इतका सरळ नाही. आणि वडिलांनी सही करणे टाळून सतरा वर्षांच्या मुलालाच पुढे करू नये. अज्ञानाचा करार १९०३पासून न्यायालये शून्यवतच मानत आली आहेत. तशा कागदाचा आधार ना मालकाला, ना मुलाला.

राहता राहिली आपली महाविद्यालये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये शुल्क-परतीचे नियम केले आणि विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली. पण फाटकाबाहेरच्या खोलीशी आपला संबंध नाही, असेच प्रत्येक प्राचार्य मानतात. वसतिगृहात तीनशे खाटा आणि प्रवेश नऊशेंना, अशी स्थिती असेल तर उरलेल्या सहाशेंना त्या गल्लीबोळांत पाठवले कोणी? महाविद्यालयाने एक छापील नमुना-करार ठेवावा: मुदत सत्राची, सूचना एका महिन्याची, प्रवेश बदलल्यास त्याहूनही कमी, आणि खाट पुन्हा भरताच हिशेब बंद. जो घरमालक तो नमुना मान्य करील त्याचेच नाव सूचना फलकावर लावावे. मालकांनाही यात फायदा आहे, कारण विद्यार्थी आयते दारी येतील. २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी असे आहे; तो नमुना केंद्राचा, स्वीकारणे राज्यांच्या हाती. महाविद्यालयाला मात्र आपला नमुना करण्यासाठी कोणत्याही विधानसभेची वाट पाहावी लागत नाही. एक टंकलिखित पान, दोन प्राध्यापकांची समिती आणि प्रवेश सुरू होण्यापूर्वीचा एक आठवडा, एवढेच लागते.