सूर्य सर्वांचा, माप ज्याचे त्याचे

सोनपेठ तालुक्यात खडका येथे गोदावरीवर बंधारा आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळीच्या औष्णिक वीज केंद्राला याच बंधाऱ्याच्या पाण्याचा मोठा आधार. २०१३ च्या दुष्काळात बंधारा आटला आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ११३० मेगावॉट क्षमतेचे केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. यंत्रे होती, कामगार होते, वीज मागणारी गावेही होती. नव्हते ते फक्त पाणी. निसर्ग किती देऊ शकतो आणि आपण त्याच्याकडे किती मागतो, या दोन आकड्यांचा मेळ बसला नाही, की केवढा प्रचंड कारखाना निरुपयोगी होतो, याचे ते जिवंत उदाहरण होते.

आज त्याच सोनपेठच्या घरांवर आणि शेतांत सौर पॅनेले दिसू लागली आहेत. त्यांना वीज करण्यासाठी पाणी लागत नाही, कोळसा लागत नाही. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु खडक्याचा धडा येथेही लागू पडतो. सूर्य कोणाला कमी-जास्त देत नाही. पण त्याने दिलेले आपल्याला पुरेल की नाही, हे ज्याचे त्याने मोजायचे असते. दुर्दैवाने मोजण्याचे हे काम आज जवळजवळ कोणीच करीत नाही. घरमालक अनुदानाचा आकडा पाहतो, विक्रेता साठ्यात असलेला संच पाहतो आणि शासन अर्जांची संख्या पाहते. घराची गरज मात्र कोणीच पाहत नाही.

अनुदानाचे माप आणि घराचे माप

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने 'पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना' सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, असे कमाल ७८ हजार रुपये अनुदान. योजना उत्तम आहे. पण ७८ हजार हा आकडा एकदा मनात बसला, की 'तीन किलोवॉटच घ्यावे' असे जो तो म्हणू लागतो. अनुदानाची कमाल मर्यादा हीच जणू घराची गरज ठरते.

सोनपेठसारख्या गावातील एका मध्यमवर्गीय घराचा हिशेब मांडून पाहावा. ७५ वॉटचे पाच पंखे दिवसाला दहा तास चालले, तर पावणेचार युनिट होतात. शीतकपाटाचे एक युनिट. दिवे, दूरचित्रवाणी, मिक्सर, धुलाईयंत्र आणि अर्धा तास चालणारी पाण्याची मोटर मिळून सव्वा युनिट. एकूण सहा युनिट. मराठवाड्यात एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देते. याचा अर्थ या घराला दीड किलोवॉट पुरते. आता जुने पंखे काढून २८ ते ३० वॉटचे नवे बीएलडीसी पंखे बसविले, तर पंख्यांची वीज दीड युनिटावर येते आणि संपूर्ण घराची गरज पावणेचार युनिटांवर. म्हणजे जेमतेम एका किलोवॉटचे काम! तीन किलोवॉट घेणाऱ्याने येथे गरजेच्या तिप्पट यंत्रणा छतावर चढविलेली असते.

जास्त वीज महावितरणला देता येते, मग बिघडले काय, असे कोणी विचारील. नेट मीटरमुळे दिवसाची जादा वीज ग्राहकाच्या खात्यावर जमा होते आणि रात्रीच्या वापरातून वळती होते, हे खरे. पण वर्षअखेरीस जे युनिट शिल्लक राहतात, त्यांना मिळणारा दर हा आपण विजेसाठी मोजतो त्या दराहून बराच कमी असतो. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम बहुधा कर्जाऊ घेतलेली असते. मुलीच्या शिक्षणासाठी राखलेला पैसा छतावर निष्कारण अडकवून ठेवणे, याला काटकसर म्हणत नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपल्या घराघरांतील जुनी शिकवण. सौरसंच घेताना तेवढी ती विसरली जाते.

याउलट गैरसमज दुसराही आहे. छतावर पॅनेल आले म्हणजे वीज गेली तरी आपले घर उजळलेले राहील, अशी अनेकांची समजूत असते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून, बाहेरची वीज जाताच नेट मीटरवरचा साधा सौर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. छतावर लख्ख ऊन आणि घरात पंखा बंद, हा अनुभव आल्यावर मग विक्रेत्याशी भांडण होते. वीज गेल्यावरही प्रकाश हवा असेल तर बॅटरी हवी, आणि तिचाही हिशेब हवा. ३० वॉटचे तीन पंखे, चार दिवे आणि इंटरनेटची पेटी पाच तास चालवायची, तर सुमारे ६८० वॉट-तास ऊर्जा लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत १८०० वॉट-तास मावतात. पण ती अर्ध्याहून अधिक रिकामी केली तर लवकर निकामी होते. तेव्हा हाती ९०० उरतात, त्यांतून इन्व्हर्टरची घट जाता साडेसातशेच्या आसपास. एक बॅटरी पुरते. हेच पंखे जुने असतील तर गरज दुप्पट होते आणि बॅटऱ्या दोन लागतात. एवढे गणित सातवीतला विद्यार्थीही करू शकतो.

सोनपेठचे आकाश, सोनपेठची सावली

माप घराचे, तसेच जागेचेही असते. सोनपेठ उत्तरेकडे सुमारे १९ अंश अक्षांशावर आहे. म्हणून येथे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच अंशांत कलते बसविणे योग्य. मे महिन्याच्या मध्यास भर दुपारी सूर्य येथे थेट डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत छताची पाहणी करणाऱ्याला पाण्याची टाकी किंवा शेजारचा कडुनिंब यांचा उपद्रव जाणवतच नाही. पण डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि सकाळी नऊ वाजता टाकीची सावली छतभर पसरते. पॅनेले एकामागोमाग एक जोडलेली असतात. त्यामुळे एकावर सावली पडली, तरी संपूर्ण रांगेचे उत्पादन घसरू शकते. पाहणी उन्हाळ्यात झाली असेल, तरी सावली हिवाळ्याचीच गृहीत धरली पाहिजे.

उष्णतेचेही असेच. पॅनेलाची क्षमता छापलेली असते ती २५ अंश सेल्सिअसला. परभणी जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पॅनेलाचे अंग ६५ अंशांपर्यंत तापते. प्रत्येक वाढत्या अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे भर दुपारी १४ ते १६ टक्के घट. छत आणि पॅनेल यांच्यात वारा खेळेल एवढे अंतर ठेवले, तर ही घट काही प्रमाणात कमी होते. थंडीत उलट घडते. याच जिल्ह्यात हिवाळ्यात पारा एक आकड्यावर उतरतो आणि पॅनेलांचा व्होल्टेज चढतो. एका रांगेत किती पॅनेले जोडायची, हे त्या थंड सकाळीच्या व्होल्टेजवर ठरवावे लागते. नाही तर इन्व्हर्टरची मर्यादा ओलांडली जाते. मुंबई-पुण्यात बेतलेले कोष्टक येथे जसेच्या तसे चालेलच असे नाही.

एकराचे माप आणि विहिरीचे माप

खरा प्रश्न मात्र शेताचा आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आणली. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरायचा. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती, असे तिचे कोष्टक आहे. रात्री-अपरात्री साप-विंचवांच्या भीतीत पाणी देण्यातून शेतकऱ्याची सुटका करणारी ही योजना आहे, तिचे मोल कमी लेखता येणार नाही. लक्षावधी अर्ज हाताळायचे तर कोष्टक सोपे असावे लागते, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु पाणी उपसण्याचे गणित एकरावर चालत नाही. ते खोलीवर चालते. तीन किलोवॉट पॅनेलांचा पंप दिवसाला साधारण १२ युनिट ऊर्जा मिळवितो. पंप, मोटर आणि नळातील घट धरून त्यातील ४० टक्के ऊर्जा प्रत्यक्ष पाणी उचलण्यास लागली, असे मानू. मग १५ मीटर खोल विहिरीतून हा पंप दिवसाला सुमारे १ लाख १७ हजार लिटर पाणी देईल. तोच पंप ९० मीटर, म्हणजे ३०० फुटांच्या कूपनलिकेवर बसविला, तर साडेएकोणीस हजार लिटर. एक एकर पिकाला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले तर सुमारे २० हजार लिटर होते. म्हणजे गोदाकाठच्या उथळ विहिरीवर जो संच पाच-सहा एकर भिजवू शकतो, तोच संच खोल कूपनलिकेवर एक एकरही धड भिजवीत नाही. खोलीनुसार पंपाचा प्रकार बदलता येतो, हे खरे. पण पॅनेलांतून येणारी ऊर्जा तेवढीच राहते, ती कोणताही पंप वाढवू शकत नाही.

दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी आपला हिस्सा भरतो, महिनोन्महिने वाट पाहतो आणि पंप बसल्यावर धार करंगळीएवढी येते, तेव्हा तो सूर्याला दोष देतो किंवा योजनेला. दोष असतो तो न घेतलेल्या मापाचा. अल्पभूधारकाला कमी अश्वशक्ती मिळावी आणि त्याचीच कूपनलिका खोल असावी, हा योगायोग मराठवाड्यात दुर्मीळ नाही. म्हणूनच एकराच्या शेजारी पाण्याच्या खोलीचा रकानाही या कोष्टकात आला पाहिजे.

आणि त्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जेथे पाणी उथळ आहे, तेथे बिलाची धास्ती नसलेला पंप दिवसभर चालू राहतो. ऊन फुकट आहे; भूगर्भातील पाणी फुकट नाही, ते पुढील पिढीच्या खात्यातून उचललेले असते. सौरपंप आणि ठिबक सिंचन यांची जोडी सक्तीची नसली, तरी आग्रहाची असली पाहिजे. अन्यथा खडका बंधाऱ्याचे जे झाले, ते उद्या गावोगावच्या विहिरींचे होईल.

एका कागदाची मागणी

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक सौरसंचाबरोबर, पैसे भरण्यापूर्वी, एक पानाचे मापपत्र ग्राहकाच्या हाती पडले पाहिजे. घरासाठी त्यात दररोजचे युनिट, छताची डिसेंबरमधील सावली, अपेक्षित मासिक उत्पादन आणि वीज गेल्यावर संच चालेल की नाही, एवढे लिहिलेले असावे. शेतासाठी पाण्याची उन्हाळ्यातील खोली, अपेक्षित दैनिक लिटर आणि त्यात भिजणारे क्षेत्र. विक्रेत्याची त्यावर स्वाक्षरी असावी, म्हणजे पुढे तक्रारीला आधार राहतो. अनुदान देणाऱ्या शासनाला ही अट घालणे अवघड नाही.

शासन ही अट घालेपर्यंत समाजानेही हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, वीज मंडळातून निवृत्त झालेले कर्मचारी आणि गावात काम करणारे कार्यकर्ते यांनी मनावर घेतले, तर एका रविवारी वीस घरांचे मापपत्र तयार होऊ शकते. त्याला लागते वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि वर्षभराची वीजबिले. ग्रामसभेत अनुदानाच्या घोषणेबरोबर हे गणितही वाचून दाखविले जावे.

ऊर्जेतील स्वावलंबन हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. पण केवळ पॅनेल विकत घेतल्याने कोणी स्वावलंबी होत नाही. आपली गरज किती हे स्वतः सांगता येणे, ही त्याची पहिली पायरी आहे. २०१३ मध्ये खडक्याला पाणी संपले, तेव्हा सोनपेठच्या सामान्य माणसाच्या हाती काहीच नव्हते. या वेळी मोजपट्टी त्याच्याच हातात आहे.